हन्नेचा झगा आणि माझा घट्ट स्वेटर

आजचं वाचन : १ शमुवेल २:१८-२१



आगमनकाळ सुरू आहे आणि आपलं रोजचं वाचन हन्नेपाशी आलंय. काल आपण तिचं स्तुतिगान वाचलं. आज त्याच अध्यायातली ही चार वचनं. खरं सांगायचं तर मी ही वचनं कितीतरी वेळा वाचून तशीच पुढे गेलोय. अलीकडे हन्नेचं ते सुंदर गान, पलीकडे एलीच्या मुलांची पापं, आणि मग रात्री देवाने शमुवेलाला मारलेली हाक. एवढ्या मोठ्या गोष्टींच्या मध्ये एक छोटीशी नोंद आहे. हन्ना आपल्या मुलासाठी दरवर्षी एक लहानसा झगा करायची, आणि वार्षिक यज्ञाला नवऱ्याबरोबर जायची तेव्हा तो त्याला नेऊन द्यायची.

बस्स, एवढंच. पण गेल्या नाताळापासून हे वचन माझा पिच्छा सोडत नाहीये. कारण एक स्वेटर आहे.

माप कुठून आणलं?

आधी चित्र डोळ्यांपुढे आणू या. हन्ना रामा गावात राहते. शमुवेल शिलो इथे एली याजकाजवळ. दूध तुटल्यावर तिने त्याला परमेश्वराला देऊन टाकलंय. यज्ञाला जाईल तेव्हाच भेट. मधल्या काळात ना फोन, ना फोटो. आणि पोर तर वाढत्या अंगाचं. अशा वेळी ही बाई झगा करायला बसते. ज्याच्यासाठी करायचा तो समोर नाही. मग माप कुठून आणत असेल? शेजारच्या त्याच वयाच्या मुलाला उभं करून बघत असेल का? की गेल्या वर्षी तो माझ्या कमरेला लागत होता, आता इथपर्यंत आला असेल, असं म्हणत हवेतच हात धरत असेल?

शास्त्रात ते लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट नक्की. झगा करायचा तर तिला दरवर्षी त्या एका प्रश्नाजवळ थांबावंच लागलं असेल, की आता माझा मुलगा केवढा झाला असेल?

विकत घेताना हा प्रश्न टाळता येतो. हाताने करताना टाळता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रिक्वायरमेंट म्हणतो. ज्याच्यासाठी बनवायचं त्याला नीट समजून न घेता बनवलेली गोष्ट कितीही सफाईदार असली, तरी ती वापरली जात नाही. कामावर हे मी ज्युनियर मुलांना ऐकवत असतो. घरी मात्र मला ते एका स्वेटरने शिकवलं.

दोन सारखी खोकी

आई नगरला राहते. दादा-वहिनी तिथेच, पण वेगळ्या घरात. मी, बायको आणि आमची सहा वर्षांची लेक पुण्यात. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात मी ऑफिसच्या कॅबमध्ये बसून दहा मिनिटांत सगळ्यांच्या भेटी ऑर्डर केल्या होत्या. आईसाठी शेक घ्यायची इलेक्ट्रिक पिशवी. गिफ्ट रॅपवर टिक केलं, पत्ता नगरचा टाकला, काम झालं. नाताळच्या दिवशी आईने खोकी उघडली तर दोन सारख्याच पिशव्या. एक माझी, एक दादाची. कंपनी तीच, रंगही तोच.

सगळे हसले. आईपण हसली. पण फराळाची ताटं उचलताना ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला असतात तर एकच आली असती."

ते मला लागलं. पप्पा गेल्यापासून दादाचं आणि माझं बोलणं कमी झालंय. भांडण असं नाही. घराच्या कागदपत्रांवरून दोनतीनदा आवाज चढले, आणि मग दोघंही जपून बोलायला लागलो. वाढदिवसाला मेसेज, सणाला फोन, "सगळं बरं ना?", "हो, तुझं?" ज्यांच्या घरात असं आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

पुढच्या वर्षी आईने आधीच सांगून टाकलं, "यंदा दुकानातलं काही नको. जे द्यायचं ते हाताने करा, नाहीतर नुसते या." वहिनींनी ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ कॉलवर चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकाला एक नाव. कुणाचं आलं ते कुणी सांगायचं नाही. माझ्या चिठ्ठीत दादा निघाला.

जे मला माहीत नव्हतं

आठवडाभर मी नुसता विचार करत होतो. दादाला काय आवडतं? मला आठवत होतं ते सगळं वीस वर्षांपूर्वीचं. तो विटीदांडू कसा खेळायचा, त्याची सायकल, संडे स्कूलच्या कार्यक्रमात त्याने वाजवलेली पेटी. हां, पेटी! मंडळीत गाणी सुरू झाली की दादा पेटीवर, हे लहानपणापासूनचं चित्र. मग ठरवलं, 'उपासना संगीत' ठेवायला लाकडी स्टँड करायचा. आमच्या सोसायटीत एकांच्या घरी सुतारकाम चालू होतं, त्या मिस्त्रींकडून सागवानाचे उरलेले तुकडे मागून आणले. करवत, रंधा, पॉलिश पेपर, फेव्हिकॉल. पाच शनिवार-रविवार बाल्कनीत भुसा पाडला. दोन तुकडे चुकीचे कापले, अंगठ्याला जखम झाली. पण शेवटी स्टँड उभा राहिला आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला.

नाताळच्या दुपारी दादाने तो उघडला, हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "अरे वा, तू केलास? मस्त आहे." मी खूश.

नंतर स्वयंपाकघरात वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला म्हणून सांगते. यांचा डावा खांदा धरलाय. वर्ष होऊन गेलं. भाता ओढता येत नाही. पेटी बंदच आहे."

एका वर्षाहून जास्त काळ माझ्या सख्ख्या भावाचा हात वर जात नाही, आणि मला पत्ता नाही. पाच शनिवार-रविवार मी त्याचा विचार करत होतो असं मला वाटत होतं. खरं तर मी माझ्या आठवणीतल्या एका मुलाचा विचार करत होतो. तो मुलगा आता पंचेचाळिशीला आलाय, त्याला चष्मा लागलाय आणि त्याचा खांदा दुखतो.

आणि तो स्वेटर

माझं नाव निघालं होतं आईच्या चिठ्ठीत. तिने माझ्यासाठी स्वेटर विणला होता. गडद निळा, व्ही गळ्याचा, पुढे वेणीची वीण. आईच्या बोटांची पेरं आता सुजतात, थंडीत जास्तच. तरी तिने विणला. मी तिच्यासमोरच घातला. घातला म्हणजे कसाबसा चढवला. बगलेत घट्ट, पोटावर ताणलेला, बाह्या मनगटाच्या वर.

"होतोय ना?" आईने विचारलं.

"एकदम मस्त, आई."

संध्याकाळी सगळ्यांना भेटायला गेलो तेव्हा तोच स्वेटर घालून गेलो. हात वर करायची वेळ येऊ नये म्हणून जपत होतो. पुण्याला आल्यावर तो बॅगेतून काढला, नीट घडी करून पिशवीत घातला आणि पिशवी माळ्यावर गेली.

आता प्रश्न असा, की मी चुकलो का?

आपण सगळे लहानपणापासून एकच शिकलोय : भेट बघू नये, देणाऱ्याची भावना बघावी. आवडलं नाही तरी छान म्हणावं. यात चूक काही नाही. आमच्या लेकीने आपल्या काकूसाठी कागदाचं बुकमार्क केलं होतं, त्यावर 'काकू'च्या जागी 'काकु' लिहिलेलं. वहिनींनी ते त्याच दिवशी बायबलमध्ये ठेवलं. तिथे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायची गरजच नव्हती. कारण वहिनींना ते खरंच आवडलं होतं आणि त्या ते खरंच वापरतात. त्यांच्या 'छान'मध्ये खोटं काही नव्हतं.

माझ्या 'मस्त'मध्ये होतं. आणि बरेच दिवस स्वतःला विचारल्यावर मला कळलं, की ते खोटं मी आईला दुखवू नये म्हणून बोललोच नव्हतो. ते मी स्वतःला वाचवायला बोललो होतो. घट्ट होतोय असं म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य दोघांनाही माहीत होतं. हे माप कधीचं? तिने माझं माप शेवटचं घेतलं होतं माझ्या लग्नाच्या आधी. मधल्या वर्षांत मी नगरला गेलो नाही असं नाही. पण सकाळी जायचं, जेवायचं, चार वाजता निघायचं. पुणे ते नगर अंतर सव्वाशे किलोमीटरही नाही, आणि माझ्या आईला माझा आकार माहीत नव्हता. तो स्वेटर घट्ट नव्हता, तो मी किती दिवस घरी राहिलो नाही याचा हिशेब होता. तो हिशेब उघडू नये म्हणून मी "मस्त" म्हटलं.

हाताने केलेलं म्हणजे आपोआप चांगलं का?

इथे थोडं थांबून शास्त्रात बघू या. कारण हल्ली आपल्याकडे 'हँडमेड' या शब्दालाच एक पुण्य चिकटलंय. दुकानातलं म्हणजे कोरडं, हाताचं म्हणजे प्रेमाचं. पण शास्त्र इतकं भोळं नाही.

उत्पत्ती ३७ काढा. याकोबाने योसेफासाठी खास झगा केला. हा शास्त्रातला कदाचित सगळ्यात गाजलेला झगा. त्यात प्रेम नव्हतं का? भरपूर होतं. पण त्या झग्याने घरात काय केलं ते आपल्याला माहीत आहे. एका मुलाचं माप घेताना बापाला बाकीची मुलं दिसलीच नाहीत. त्यांना योसेफाशी धड बोलणंही जमेना. आणि शेवटी तोच झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाच्या पुढे आला. प्रेम होतं, पण नजर नव्हती.

दुसरा धोका मला स्वतःमध्ये सापडला. वहिनींनी खांद्याचं सांगितल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? "माझे पाच वीकेंड फुकट गेले." दादाचा खांदा नाही, माझे तास! पौल आपल्याला बजावतो की तारण हे देवाचं दान आहे, ते कर्मांनी मिळत नाही, म्हणजे कुणी बढाई मारू नये (इफिस २:८-९). आणि मी माझ्या हातच्या दानाचं टाइमशीट भरत बसलो होतो. तास मोजून दिलेली भेट ही भेट राहत नाही, ती उधारी होते. समोरच्याला ती फेडावी लागते, आणि बहुतेक वेळा ती खोट्या कौतुकाने फेडली जाते.

उलट, मागी लोक आठवा. त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला. तो त्यांनी काही हाताने बनवला नव्हता. तरी ती भेट स्वीकारली गेली. तेव्हा माझ्या बहिणींनो आणि भावांनो, ज्यांना दोन शिफ्ट, लहान मूल आणि आजारी सासरे यांतून सुई धरायलाही वेळ नाही, त्यांनी यंदा दुकानातून काही घेतलं तर मनाला लावून घेऊ नका. प्रश्न हात की दुकान हा नाहीच. प्रश्न एवढाच, की देण्याआधी मी या माणसाचं माप घेतलं का? तो आज कसा आहे, ते पाहिलं का?

आपल्याच मातीतलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. मराठी बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. ते होतं. पण रमाबाईंच्या भोवती दुष्काळातून वाचलेल्या, कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकामुली होत्या. त्यांना कळेल अशी साधी भाषा रमाबाईंना हवी होती. म्हणजे त्यांनी आधी माप घेतलं आणि मग काम हाती घेतलं. खिळे जुळवणं, छापणं ही कामंही मुक्तीतल्या बायकांनीच केली. १९२२ मध्ये रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. ज्यांच्या मापाने ते केलं होतं, त्यांच्याच हातांनी ते छापलं गेलं. हाताने केलेली भेट म्हणजे काय, तर हे.

उसवणं

आता गोष्ट पूर्ण करतो. जानेवारीच्या शेवटी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिने अगदी सहज विचारलं, "स्वेटर घालतोस का रे?"

मी "हो" म्हणणार होतो. शब्द ओठांवर आला होता. पण त्याच सकाळी मी प्रेषितांची कृत्ये ९ वाचलं होतं. टबीथा, म्हणजे दुर्कस, यापो इथे मरण पावते. पेत्र येतो तेव्हा सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने करून दिलेले कपडे दाखवतात. त्या दृश्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली होती. ते कपडे त्यांना दाखवता आले, कारण ते त्यांच्याजवळ होते. माळ्यावर नव्हते.

"नाही आई," मी म्हटलं. "घट्ट होतोय. तेव्हाच होत होता."

दोन क्षण ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मला दिसत होतं. तू हात वर करत नव्हतास." आणि मग, "घेऊन ये. उसवते."

पुढच्या शनिवारी मी गेलो आणि राहिलो. आईने शिवणाच्या डब्यातून टेप काढली. मला उभं केलं, छाती मोजली, पोट मोजलं, हात मोजला. लहानपणी शाळेच्या स्वेटरसाठी मोजायची तसंच. "केवढं सुटलंय पोट! काय खातोस तिकडे?" म्हणाली, आणि आकडे जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. मग तिने शिवण सोडली, एक टोक शोधलं आणि ओढलं. दोन महिन्यांचं काम सर्र करत सुटत गेलं. मला बघवेना. तिला काहीच वाटत नव्हतं. मी दोन्ही हात पुढे करून बसलो, ती माझ्या हातांवर लोकर गुंडाळत गेली. उसवलेली लोकर सरळ नसते, तिच्यात आधीच्या टाक्यांच्या लाटा राहिलेल्या असतात. ती धुऊन, वजन लावून वाळवावी लागते, तेव्हा कुठे सरळ होते. हे मला त्या दिवशी कळलं.

हात अडकलेले होते, त्यामुळे मोबाईल घेता येत नव्हता. तास-दीड तास आम्ही बोललो. पप्पांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. लोकर माझ्या हातांवर होती म्हणून ते झालं असं मला वाटतं.

त्या रंगाची लोकर पुन्हा मिळाली नाही. म्हणून आता स्वेटरला दोन्ही बाजूंनी राखाडी पट्टे आहेत, जिथे मी वाढलो त्या जागी. तो मी रोज घालतोय, आत्ता लिहितानाही अंगावर आहे.

दुसऱ्या दिवशी रविवारी, उपासना झाल्यावर मी दादाकडे गेलो. म्हटलं, "खांद्याचं मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं." तो म्हणाला, "तू एवढं केलंस, म्हणून बोललो नाही." म्हणजे माझ्यासारखंच. एकाच घरात, एकाच दिवशी, दोन भावांनी दोन भेटींना "मस्त" म्हटलं होतं आणि दोघांनीही एकमेकांना काही कळू दिलं नव्हतं. मग त्याने स्टँड आणला. त्यावर तो आता बायबल ठेवून वाचतो. पण उतार कमी आहे, चष्म्यातून वाचताना मान वाकवावी लागते. "थोडा उभा करून देशील?" त्याने विचारलं. लहानपणानंतर दादाने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तो स्टँड आत्ता माझ्या बाल्कनीत आहे. वर्षभरात अर्धाच झालाय. मागचा पाय नव्याने करायचाय. या नाताळाला तो घेऊन जायचाय. घराच्या कागदांचं अजून काही झालेलं नाही, हेही सांगून टाकतो. सगळं सुटलं असं चित्र मला उभं करायचं नाही. पण निदान तो कुठल्या बाजूच्या खांद्यावर झोपू शकत नाही, हे आता मला माहीत आहे.

देवाने घेतलेलं माप

आता पुन्हा हन्नेकडे येऊ. तिचा झगा दरवर्षी बरोबर झाला असेल असं मला वाटत नाही. एखाद्या वर्षी तो आखूड झाला असेल, एखाद्या वर्षी पायात आला असेल. पण ती दरवर्षी जात होती. तो झगा कुणाच्या हाती पाठवत नव्हती, स्वतः नेत होती. अंगात घालून बघत असेल, फिरवून बघत असेल, आणि पुढच्या वर्षीसाठी मनात नोंद करून परत येत असेल. एका वर्षाची चूक पुढच्या वर्षीच्या झग्यात दुरुस्त होत असेल. झगा ही भेट होतीच, पण खरी भेट ते जाणं होतं.

आणि या झग्याची गोष्ट इथे संपत नाही. मूळ इब्रीत त्या लहानशा झग्यासाठी 'मेईल' असा शब्द आहे. पुढे शमुवेल मोठा संदेष्टा होतो. शौल त्याच्या झग्याचा काठ धरतो आणि तो फाटतो, तिथे तोच शब्द आहे (१ शमुवेल १५:२७). त्याच्या मरणानंतर शौल त्याला ओळखतो तेही झगा पांघरलेला म्हातारा या वर्णनावरून, आणि तिथेही तोच शब्द (१ शमुवेल २८:१४). हा माझा विचार आहे, कुणाची शिकवण नाही. पण मला वाटतं, आईने लहानपणी ज्या प्रकारचं वस्त्र अंगावर घातलं, त्याच प्रकारच्या वस्त्राने तो शेवटपर्यंत ओळखला गेला.

नाताळचं रहस्य मला यंदा याच शब्दात कळतंय : माप. देवाने आपल्याला वरूनच काहीतरी पाठवून दिलं नाही. तो आला, आणि आपलं माप त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं. इब्री लोकांस पत्र सांगतं की त्याला सर्व बाबतींत आपल्या भावांसारखं होणं भाग होतं (इब्री २:१७). भावांसारखं! भूक आपली, थकवा आपला, दुखणारं अंग आपलं. बेथलेहेमात एका आईने त्याला बाळंत्यात गुंडाळलं तेव्हा विश्वाचा निर्माता एका हातभर कापडात मावला. आपण केवढे आहोत हे त्याला अंदाजाने माहीत नाही. तो आपल्या मापाचा होऊन राहिलाय.

आणि त्याच्यासमोर आपण काय करतो? बहुतेक वेळा मी आईसमोर केलं तेच. "सगळं मस्त आहे, प्रभू." कुठे घट्ट होतंय, कुठे ताणलं जातंय, कुठला हात वर जात नाहीये, ते सांगत नाही. त्याला दिसत असतं. तो फक्त आपण सांगायची वाट बघतो. आणि सांगितलं की रागावत नाही. म्हणतो, घेऊन ये. उसवू या.

आजसाठी

यंदा भेट करायला किंवा घ्यायला बसाल, तेव्हा आधी त्या माणसाला एक फोन करा. "काय हवंय?" असं नका विचारू. "कसा आहेस?" विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि कुणी तुमच्यासाठी काही केलं आणि ते जमलं नाही, तर आधी मनापासून आभार माना. मग, जवळचं माणूस असेल तर, एकटं गाठून खरं सांगा. प्रेमाने सांगितलेलं खरं भेटीचा अपमान करत नाही. ते भेट पूर्ण करतं.

प्रार्थना

प्रभू येशू, तू आमचं माप घेतलंस, त्याबद्दल तुझे आभार. ज्यांना आम्ही ओळखतो असं समजून चाललोय, त्यांच्याकडे आज नव्याने बघायला शिकव. घेताना आम्हाला खरं बोलायचं धैर्य दे, आणि देताना तास न मोजणारं मन दे. ज्या घरांत भाऊ भावाशी जपून बोलतो, त्या घरांत या नाताळाला तू ये. जे चुकीच्या मापाचं विणलं गेलंय, ते उसवायला आमच्याबरोबर बस. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.